घर सोडण्याआधीचे चार महिने

घर सोडण्याचा हिशेब मांडायला पगाराचा दिवस निवडू नका. त्या दिवशी सगळंच जमेलसं वाटतं. महिनाअखेरही नको. तेव्हा काहीच जमणार नाही असं वाटतं, आणि तेही खरं नसतं. अठरा-एकोणीस तारखेची एखादी संध्याकाळ घ्या. निम्म्याहून जास्त पैसे गेलेले असतात, थोडे हातात असतात आणि मन बऱ्यापैकी खरं बोलतं. एकांत मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर गच्ची चालेल, जिना चालेल, स्टेशनवरचा बाकही चालेल. एक कोरी वही आणि पेन जवळ असू दे, मोबाइल पिशवीत. आकडे हाताने लिहिले की मन त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबतं, आणि आज थांबायचंच आहे.

तुम्हाला घरातून बाहेर पडून एकट्याने राहायचं आहे. का, ते तुम्ही कुणाला सांगितलं असेल किंवा नसेल. वहीच्या पहिल्या पानावर ते एका ओळीत लिहा. ‘दोन खोल्यांत पाच माणसं आहोत.’ ‘रोज चार तास प्रवासात जातात.’ ‘मला कधीतरी दार लावून घेता आलं पाहिजे.’ यातलं कुठलंही कारण लहान नाही, आणि ते कुणाला पटवून द्यायचं नाही. पुढच्या पानांवर आकडे येतील, त्यातले काही नकोसे असतील, तेव्हा हे पान उघडून पाहावं लागेल. आता थोडा वेळ त्या ओळीकडे नुसतं पाहा. दहा-बारा श्वास जाऊ द्या. ओळ बदलावीशी वाटली तर बदला.

सोबतीला एक मुलगी डोळ्यासमोर आणू. तिचं घर तळेगाव दाभाड्याला, नोकरी पुण्यात हडपसरला. सकाळी लोकल, पुणे स्टेशनवर उतरून पुढे बस. जाताना दोन तास, येताना दोन. घरी आई, बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. पगार कागदावर २०,००० रुपये. तिचे आकडे अंदाजाचे आहेत, पण असा पगार आणि अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. तिच्या प्रत्येक आकड्याशेजारी तुमचा आकडा लिहीत चला. तिचा हिशेब जमला म्हणून तुमचा जमेल असं नाही, आणि तिचा अडला म्हणून तुमचा अडेल असंही नाही.

पहिला आकडा येणाऱ्या पैशांचा. पगाराची स्लिप समोर घ्या आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवा. नेमणुकीच्या पत्रात लिहिलेला वार्षिक आकडा इथे कामाचा नाही. मुलीच्या २०,००० मध्ये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० धरू. त्याचे बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे १५० रुपये. व्यवसाय कर तिला लागत नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. तिच्या जागी तिचा भाऊ असता तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले गेले असते. तिच्या हातात येतात १८,४१०. एवढेच लिहायचे. ओव्हरटाइम लिहायचा नाही, दिवाळीचा बोनस लिहायचा नाही, ‘पुढच्या वर्षी वाढवू’ असं साहेब म्हणाले तेही नाही. ते आले तर येऊ देत. त्यांच्या भरवशावर खोली घ्यायची नाही, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

कापले गेलेले ते १५० रुपये मात्र नीट बघा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. बहुतेक तरुण माणसांना ते नुसतं कापलं जातं एवढंच ठाऊक असतं. आपला ईएसआयचा दवाखाना कुठे आहे हे माहीत नसतं. घरी ताप आला तर कुणीतरी कपाळावर हात ठेवतं. एकट्याने राहताना ताप आला की खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. एकट्या राहणाऱ्या, कमी पगाराच्या माणसासाठी याहून मोठा आधार मला तरी दिसत नाही. त्या दवाखान्याचा पत्ता शोधून वहीत लिहा. बरं असतानाच एकदा जाऊन या.

आता सगळ्यात अवघड पान.

हिशेबाच्या बहुतेक तक्त्यांत पहिली ओळ भाड्याची असते. आपल्या घरांमध्ये, पगार थोडा असताना, ती तशी असू शकत नाही. पहिली ओळ घरी द्यायच्या पैशांची. मुलगी आज आईच्या हातात ७,००० ठेवते. तुम्ही किती ठेवता ते लिहा. मग पेन खाली ठेवा आणि स्वतःला विचारा, हे पैसे कशात जातात ते मला माहीत आहे का?

बहुधा नसतं. मुलं पैसे देतात, आई ते डब्यात किंवा पाकिटात ठेवते, आणि घर चालतं. कसं, हे कुणी विचारत नाही. आज जेवणं झाल्यावर आईजवळ बसा आणि विचारा, ‘आई, माझे पैसे कशाकशात जातात गं?’ तिला वाटेल तुम्ही जाब विचारताय. तसं नाही हे आधीच सांगा. ती बोलू लागली की तिला मध्ये अडवू नका. गहू-तांदूळ, दूध, सिलिंडर, वीजबिल, घरभाडं, भावाच्या क्लासची फी, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सोसायटीची भिशी. एखादा खर्च असाही निघेल की जो तुम्हाला कधीच सांगितला गेला नव्हता. जुनं उसनं असेल, गावच्या घराची पट्टी असेल, मावशीला दिलेले पैसे असतील. ऐकून घ्या. त्या रात्री त्यावर काही ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी ती यादी वहीत उतरवा आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून एकच प्रश्न विचारा: मी गेल्यावर हे कमी होईल का? दूध अर्ध्या लिटरने कमी होईल. पीठ-तांदूळ कमी होईल. सिलिंडर चार दिवस जास्त पुरेल. पण घरभाडं एक रुपयानेही कमी होणार नाही. क्लासची फी तेवढीच राहील, आजीच्या गोळ्या तेवढ्याच. पाच माणसांचं घर चार माणसांचं झालं म्हणजे खर्च पाचव्या हिश्श्याने उतरत नाही. आपण निघालो की आपल्यावरचा खर्च वाचेल, असा हिशेब निघणारा माणूस मनात करतो आणि तो जवळजवळ नेहमी चुकतो. मुलीच्या घरी, समजा, ती गेल्यावर महिन्याला २,००० वाचतील. ती ७,००० ऐवजी ४,००० देऊ शकणार आहे. म्हणजे घराला ३,००० कमी मिळणार, खर्च २,००० नी उतरणार आणि १,००० रुपये दर महिन्याला कमी पडणार.

या हजार रुपयांपाशी जितका वेळ लागेल तितका वेळ बसा. घर सोडून गेलेल्या कितीतरी मुलामुलींच्या मनात वर्षानुवर्षं एक ओझं राहतं, आणि त्या ओझ्याला आकडा नसतो म्हणून ते कधी उतरत नाही. इथे आकडा आहे. हजार रुपये. ते कुठून येतील, याची चर्चा करता येते. भिशी एक वर्ष थांबवता येईल का? भाऊ बारावी झाला की दुपारचं काही काम धरेल का? बाबांची काही सवय कमी होईल का, हे विचारण्याची सोय तुमच्या घरात आहे का? आणि काहीच जमत नसेल तर मुलीला ४,००० ऐवजी ५,००० द्यावे लागतील. मग तिचं पुढचं सगळं पान बदलेल. तेही चालेल. न बोलता गेलेल्या पाच हजारांपेक्षा बोलून दिलेले चार हजार घर जास्त शांतपणे घेतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पैशांत न मोजली जाणारी कामंही याच पानावर लिहा. रेशनच्या रांगेत कोण उभं राहतं? आजीला दवाखान्यात कोण नेतं? बँकेचे फॉर्म, मोबाइलवरून वीजबिल, भावाच्या परीक्षेचा अर्ज कोण भरतं? तुम्ही भरत असाल तर जाण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी शिकवा. उलट बाजूही लिहा. तुम्ही कामावर असताना घरी थांबून तुमचं कुरिअर घेणारं कुणीतरी असतं, पहाटे पाणी भरून ठेवणारं कुणीतरी असतं, पावसात न वाळलेले कपडे पंख्याखाली टाकणारं कुणीतरी असतं. पुढे हे सगळं तुम्ही कराल. त्याला लागणारा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न पैशांच्या प्रश्नाइतकाच खरा आहे.

आज इथेच थांबलात तरी चालेल. वही मिटा. उरलेलं उद्या.

भाड्याच्या पानाची सुरुवात एका उलट्या हिशेबाने करू. भाडं देऊन काय मिळणार आहे? मुलीला हडपसरजवळ, बसने अर्ध्या तासावर, एक खोली ६,००० ना मिळते असं धरू. आज तिचे जाण्यायेण्यात चार तास जातात, मग एक तास जाईल. रोजचे तीन तास वाचले. महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचाहत्तर तास. या पंचाहत्तर तासांत ती काय करणार आहे? झोपणार असेल तर झोप लिहा. झोप हे उत्तम उत्तर आहे. पहिल्या पानावरच्या ओळीशी हे उत्तर ताडून पाहा. जुळत असेल तर भाडं तुम्हाला महाग वाटलं तरी फुकट जाणार नाही. जुळत नसेल तर अजून थोडा विचार बाकी आहे.

मग खोलीत शिरण्याची किंमत. दोन महिन्यांची अनामत १२,०००. एजंटमार्फत घेतली तर एका महिन्याची दलाली ६,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ ६,०००. दाराची किल्ली हातात यायच्या आधीच २४,००० होतात. मुंबईत अनामत याहून किती तरी जास्त मागतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क आणि करार करून देणाऱ्याचे पैसे. यातला निम्मा वाटा मालकाने उचलायचा असं आधीच बोलून घ्या आणि स्वतःचे १,५०० धरा. बाकी ४,५०० मध्ये गादी, बादली-मग, दोन भांडी, कुलूप, बल्ब, सामान नेणाऱ्या टेम्पोचं भाडं. झाले ३०,०००. यातली अनामत परत मिळणार आहे, दलाली नाही. म्हणून या दोन रकमा वहीत वेगवेगळ्या लिहा, आणि अनामत रोख न देता बँकेतून द्या.

करार नोंदवायचा की नाही यावर घरमालक कधी कधी हात झटकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. भांडायला म्हणून हे सांगत नाही. खोली बघायला जाताना वय लहान असतं, पगार लहान असतो आणि आवाज आपोआप खाली जातो. कायदा आपल्या बाजूला किती आहे हे माहीत असलं की तो थोडा वर येतो.

वीजमीटर स्वतंत्र आहे का, हे विचाराच. मालकाचा सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये, ते भाडं ठरण्याआधी ठरवा. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला तीस युनिट एकट्या अंघोळीची.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतली वसतिगृहं आहेत, आता ‘सखी निवास’ या नावाने. त्यांच्या नियमात भाड्याला पगाराची मर्यादा घातलेली आहे: एकटीच्या खोलीला पगाराच्या पंधरा टक्क्यांपर्यंत, दोघींच्या खोलीला दहा, मोठ्या सामायिक खोलीला साडेसात. वीस हजारांच्या पगारावर हे ३,०००, २,००० आणि १,५०० होतात. जागा थोड्या असतात. तरी अर्ज करून ठेवावा, आणि मुलीने खोली शोधण्याच्या आधी तो करावा असं मला वाटतं. तिला दार लावून घ्यायचं असेल तर दोघींची खोली तिला चालणार नाही कदाचित. पण तिची ओळ प्रवासाबद्दलची असेल, तर पहिलं वर्ष तिथे काढून ती दर महिन्याला चार हजार बाजूला टाकू शकेल.

आता जेवण. डोळे मिटा आणि उद्याच्या खोलीतला एक साधा मंगळवार नजरेसमोर आणा. साडेसात वाजले आहेत. तुम्ही दमून आला आहात. खोलीत काय आहे? ओटा आहे का? तुम्हाला काय करता येतं? खरं उत्तर द्या. रोज पोळीभाजी करीन, असं ठरवणं सोपं असतं. वरणभाताचा कुकर, पोहे, उसळ, अंडी, एवढं करता येत असेल तर महिना निभतो. तेही करता येत नसेल तर चार महिन्यांत आईकडून शिकता येतं. गॅसजोडणीला पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. मुलीने ठरवलं आहे की संध्याकाळचा डबा बाहेरून लावायचा आणि सकाळचं स्वतः करायचं. डबा, किराणा, दूध मिळून ३,८००. वीज आणि गॅसचे ७००.

डबा लावला म्हणजे आपण कमी पडलो, असं काही मुलींना वाटतं. त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. थोड्या पगारावर घराबाहेर राहणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे बहुतेकदा शेजारच्याच चाळीतली एखादी बाई. पगार झाला की ते तिचे पैसे देत. तोवर किराणा आणायला ती सावकाराकडून व्याजाने पैसे उचलत असे. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याहून बोटीवर कामाला जाणारी माणसं मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, उतरत. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची एकत्र प्रार्थना, आणि परवडेल एवढी वर्गणी. या सगळ्यांनी बाहेर राहण्याचा खर्च कुणा ना कुणाबरोबर वाटून घेतला होता. तुम्हाला एकट्याने राहायचं आहे, ते तसंच राहू द्या. पण डबा देणारी बाई, शेजारची खोली, वाण्याचं दुकान, घराजवळून येणारा एखादा सहकारी, ही नावंही वहीत असू द्यात. अडीनडीला चालत जाता येईल अशी निदान दोन दारं माहीत असल्याशिवाय खोली पक्की करू नका.

आता पानाच्या तळाशी या. १८,४१० मधून घरचे ४,००० गेले, भाड्याचे ६,०००, जेवणाचे ३,८००, वीज-गॅसचे ७००. उरले ३,९१०. बसचे १,२००, मोबाइलचे ३००, साबण-तेल-पॅड-औषधं ७००, महिन्यातून दोनदा घरी जाणं आणि जाताना हातात काहीतरी नेणं ४००. शिल्लक १,३१०.

पगाराचे निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला, असा एक नियम हल्ली सगळीकडे सांगतात. मुलीच्या पगारातले पंच्याऐंशी टक्के तर घर, भाडं, जेवण, वीज आणि प्रवास यांतच संपले. तो नियम तिच्यासारख्यांसाठी केलेलाच नाही. त्याच्याशी स्वतःला ताडून खजील होण्याचं काही कारण नाही. तिने काही उधळलेलं नाही. पगारच तेवढा आहे. काटकसरीच्या गोष्टी सांगणारे हे बोलत नाहीत म्हणून ते इथे लिहिलं पाहिजे. थोडे पैसे असले की वस्तू महाग पडतात, हेही. मुंबईच्या लोकलचा तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांच्या किमतीत येत नाही, २.७ पट पडतो. पण ते पैसे एकदम काढावे लागतात. म्हणून त्या १,३१० मधली पहिली दोन-तीन महिन्यांची शिल्लक अशा एकदम लागणाऱ्या खर्चासाठी ठेवावी. तिथून पुढे दर महिन्याचं थोडं थोडं वाचतं.

महिन्याच्या पानात न मावणारे खर्च वर्षाच्या पानावर लिहा. हे पान बहुतेक जण करतच नाहीत आणि सातव्या-आठव्या महिन्यात कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. चैत्रापासून सुरुवात करा आणि एकेक महिना डोळ्यांसमोरून जाऊ द्या. वैशाखातली लग्नं, त्यांचे आहेर. जूनमध्ये छत्री, पावसाळी चप्पल. गणपतीला घरी जाणं. दिवाळी, कपडे, भाऊबीज. एखादा दुखरा दात, चष्म्याचा नंबर. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा बँकेतून मिळतो. घरात कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर तो घ्याच. मुलीचं हे सगळं मिळून १०,००० च्या आसपास येतं. वर्षाची शिल्लक १५,७२०. उरले पावणेसहा हजार. बाराव्या महिन्यात करार नवा होताना भाडं पाच टक्के वाढलं तर पुढच्या वर्षी ३,६०० त्यात जातील.

एवढंसं उरल्यावर राहता येतं का? वहीतून याचं उत्तर मिळत नाही. ते राहून पाहिल्यावरच मिळतं, आणि राहून पाहायला घर सोडावं लागत नाही.

पुढच्या पगाराच्या दिवशी, घरातच राहून, खोलीचे पैसे भरायला लागा. मुलीने काय करायचं ते बघू. आईला नेहमीसारखे ७,००० द्यायचे. भाड्याचे ६,०००, वीज-गॅसचे ७०० आणि जेवणाच्या वाढीव खर्चाचे ८००, असे ७,५०० त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड आईजवळ. हातात उरतात ३,९१०, म्हणजे खोली घेतल्यावर उरणार आहेत नेमके तेवढेच. यात महिना काढायचा. प्रवास, मोबाइल, औषधं, मैत्रिणीचा वाढदिवस, सगळं यातच. चार महिन्यांत दुसऱ्या खात्यात ३०,००० जमतात. खोलीत शिरण्याची किंमतही तेवढीच होती.

पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच पैसे संपतील कदाचित. तेव्हा दुसऱ्या खात्यातून काढायचे झाले तर काढा, पण किती आणि कशासाठी ते लिहा. त्याच संध्याकाळी त्या ओळीपाशी बसा. तो खर्च पुन्हा येणार आहे का? तो टाळता आला असता असं वाटतंय, की टाळू नये असं वाटतंय? बहिणीसारख्या मैत्रिणीच्या साखरपुड्याला नेलेली साडी टाळू नये. तिला पानावर जागा द्या आणि दुसरीकडचं काही कमी करा. रोज स्वतःला नाही म्हणत राहणाऱ्या माणसाचा हिशेब तिसऱ्या महिन्यात मोडतो, म्हणून महिन्याला शंभर-दोनशे रुपये असे ठेवा की ज्यांचा जाब वहीलाही द्यायचा नाही.

या चार महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस रात्रीचं जेवण तुम्ही करा. एक रविवार स्वतःचे सगळे कपडे स्वतः धुवा. खोल्या बघायला पावसात जा, आणि तिन्हीसांजेनंतरही एकदा जा. गल्लीत दिवे आहेत का, बसथांब्यावरून चालत येताना जीव घाबरतो का, ते दुपारी कळत नाही. ५०० रुपये स्वस्त पण रात्री रिक्षा करावी लागेल अशी खोली महिन्याच्या शेवटी महागच पडते. आणि दर महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेला अर्धा तास वही घेऊन बसा. आईला जवळ बसायचं असेल तर बसू द्या. तिने तुमच्याहून थोड्या पैशांत तुमच्याहून जास्त माणसांचं घर चालवलं आहे. तिला पान दाखवलंत तर एखादा आकडा ती बोट ठेवून बदलायला सांगेल, आणि बहुधा तिचंच बरोबर असेल.

चौथ्या महिन्याअखेर दुसऱ्या खात्यात ३०,००० असतील, किंवा २२,००० असतील, किंवा मध्येच आजीचं आजारपण निघून ८,००० राहिले असतील. तिन्हीही चार महिन्यांचे खरे आकडे आहेत. ८,००० असतील तर आणखी तीन महिने घ्या, किंवा सखी निवासाच्या यादीची चौकशी करा, किंवा पगार वाढेपर्यंत थांबा. पहिल्या पानावरची ओळ तोवर कुठे जात नाही. ३,९१० मध्ये चारही महिने निघाले असतील तर खोली घ्या.

घेताना शेवटचं एक पान लिहा, परत येण्याचं. करारात सहसा एक महिन्याची नोटीस असते. म्हणजे नोकरी गेली किंवा तब्येत ढासळली तर निदान एका महिन्याचं भाडं, जेवण आणि टेम्पोचं भाडं हाताशी पाहिजे. मुलीच्या बाबतीत ते साधारण ११,००० होतात. अनामत खोली सोडल्यावर मिळते, म्हणून ती यात धरू नका. हे ११,००० एकदम जमणार नाहीत. पहिल्या वर्षीचा बोनस आला तर तो सगळा इथे टाका, दर महिन्याला पोस्टाच्या आवर्ती ठेवीत शंभर रुपयांपासूनही सुरुवात करता येते. ही रक्कम जमेपर्यंत घरातली आपली गादी आणि कपाटातला एक खण कुणाला देऊ नका, असं आईला सांगा. आणि कोणत्या महिन्यापर्यंत ती जमेल असं वाटतं, तो महिना तिच्यासमोर वहीत लिहा.